उन्हाला दिलेली अंथरुणे

गेल्या वर्षी पितृपंधरवडा संपत आला होता. खांद्यावर दोन गोधड्या टाकून मी गच्चीकडे निघाले, तर जिन्याच्या दाराशी नवी सूचना चिकटवलेली. गच्चीत आणि गॅलरीत गाद्या, गोधड्या, अंथरुणे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते, असा तिचा मजकूर. सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या मुलाच्या वयाचा, भला माणूस. म्हणाला, "काकू, ते तुमच्यासाठी नाही हो. पण एकाला हो म्हटलं की सगळेच घालतात. आणि आता घरोघर ड्रायर आहेत की."

मी गोधड्या घेऊन खाली आले. त्या आईच्या होत्या. तिला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. घटस्थापनेच्या आत घरातले प्रत्येक अंथरूण धुऊन किंवा उन्हाला देऊन झाले पाहिजे, हा तिचा नियम. पंचाऐंशीव्या वर्षीही तिने तो मोडला नव्हता. 'उन्हाला देणे' हा तिचाच शब्दप्रयोग. वाळत घालणे वेगळे, उन्हाला देणे वेगळे. वाळत घालतात ते ओले कपडे. उन्हाला देतात ते कोरडे अंथरूण.

मी तीसेक वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. दरवर्षी एका तासाला पुण्याचा प्लेग, रँड, चापेकर बंधू आणि टिळकांवरचा खटला असा क्रम ठरलेला असे. गोऱ्या सोल्जरांनी घराघरांत शिरून सामान रस्त्यावर आणून जाळले, हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची गणती नाही. पण जळले ते नेमके काय, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. गोधड्या घेऊन जिना उतरताना तो पहिल्यांदा पडला. पुढचे वर्षभर मी त्याच प्रश्नाच्या मागे होते. अन्नाचा इतिहास लिहिला गेला, वस्त्रांचा लिहिला गेला. अंथरुणाच्या वाट्याला मात्र स्वतंत्र प्रकरण सहसा येत नाही. त्याची माहिती धर्मशास्त्रात, शब्दकोशात, म्हणींत आणि सरकारी कागदपत्रांत चिंध्यांसारखी विखुरलेली आहे. त्या चिंध्या जोडून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

अंथरूण ही वस्तू नव्हे

आधी शब्द पाहू. आपण आज 'बेड' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक फर्निचर येते. अंथरूण म्हणजे जे अंथरायचे ते, पांघरूण म्हणजे जे पांघरायचे ते. दोन्ही शब्द क्रियेतून आलेले. रात्री अंथरूण 'घालायचे' आणि सकाळी 'काढायचे'. मधल्या वेळात ते अस्तित्वातच नसे. मोल्सवर्थचा कोश 1831 साली निघाला आणि त्याची सुधारलेली आवृत्ती 1857 साली. ज्या घरांची भाषा त्यात नोंदली गेली, त्यांतल्या बहुतेकांत झोपायची वेगळी खोली नव्हती. ओटी, पडवी, माजघर या जागा दिवसा एका कामाच्या आणि रात्री दुसऱ्या. वळकटी हा शब्दही या व्यवस्थेचाच. अंथरूण गुंडाळले की वळकटी होई आणि वळकटी उचलली की माणूस प्रवासाला निघे.

अंथरुणाची उतरंड मात्र मोठी होती. तळाला चटई किंवा तरट. मग सतरंजी, घोंगडी, वाकळ, गोधडी, पासोडी. वर दुलई, रजई आणि सर्वांत वर गादी. गादी कापसाची, म्हणून पैशाची, म्हणून सत्तेची. साताऱ्याची गादी आणि कोल्हापूरची गादी आपण आजही म्हणतो, त्या गादीचा मूळ अर्थ कापूस भरलेले बसकेच. पेढीवरच्या सावकाराचीही गादी आणि मठाधिपतीचीही गादी. दुसऱ्या टोकाला गोधडी. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक ठेवून, बारीक धावदोऱ्याने शिवलेली. गाडगेबाबांना काही भागांत गोधडेमहाराज म्हणत, कारण चिंध्यांची गोधडी हेच त्यांचे अंगावरचे वस्त्र. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी सोळाव्या-सतराव्या शतकाच्या संधिकाळात 'पंचीकरण' लिहायला कागद सोडून पासोडी घेतली, हा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला प्रसिद्ध प्रसंग. पांघरायच्या वस्त्राचा त्यांनी ग्रंथ केला.

अंथरूण रोज काढायचे म्हटले की रोज झटकणेही आपोआप येते. उजाडल्यावर अंथरूण पसरलेले राहिले तर लक्ष्मी जाते, असे आमच्याकडे सांगत. तिन्हीसांजेला आडवे होऊ नये, असेही सांगत. यामागे श्रद्धा असेल, पण व्यवहारही होता. माजघर मोकळे झाल्याशिवाय सारवण नाही, दळण नाही, पंगत नाही. घराची सकाळ अंथरुणे काढल्यावरच सुरू होई. गाद्यांची चळत कोपऱ्यात लागली, त्यावर चादर ओढली, की ती दिवसभर भिंतीसारखी उभी. ही सगळी उचलठेव कोणी करायची, हे सांगायला नको. सासरी आलेल्या सुनेच्या दिवसाची पहिली कामे आणि शेवटची कामे अंथरुणाचीच असत.

विज्ञानेश्वराचा सल्ला

उन्हाला देण्याची ही पद्धत किती जुनी आहे? मला वाटत होते, शंभर-दीडशे वर्षांची असेल. उत्तर सापडले ते भलत्याच ठिकाणी.

'मिताक्षरा' हा ग्रंथ आपल्याकडे वारसाहक्काच्या कायद्यासाठी ओळखला जातो. याज्ञवल्क्य स्मृतीवरची ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, म्हणजे अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी लिहिली. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, महाराष्ट्राच्या सीमेला लागूनच. या टीकेत आचाराध्यायात द्रव्यशुद्धीचे एक प्रकरण आहे. सोने कशाने शुद्ध होते, तांबे कशाने, लोकर कशाने, धान्याची रास कशाने, याची ती यादी. तिथे देवलाचे एक वचन दिले आहे. कापसाची गादी, उशी आणि फुलांच्या रंगात रंगवलेले वस्त्र यांची शुद्धी कशी करावी? उन्हात थोडे वाळवावे, हातांनी पुन्हापुन्हा झाडावे, मग पाणी शिंपडून वापरात घ्यावे. फारच मळले असेल तर धुवावे.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. आई दर भाद्रपदात हेच करी. गादी कठड्यावर टाकायची, दोन्ही तळव्यांनी थोपटायची, उलटी करायची, पुन्हा थोपटायची. तिने देवलाचे नाव ऐकलेले नव्हते. तिला हे तिच्या सासूने दाखवले होते.

त्या वचनात शहाणपण आहे ते वस्तू ओळखण्याचे. कापसाची गादी धुता येत नाही. धुतली तर कापसाचे गोळे होतात, आत ओल राहते, कुबट वास येतो आणि गादी कायमची जाते. कच्चा फुलांचा रंगही पाण्यात उतरतो. म्हणून जिथे पाणी चालत नाही तिथे ऊन. स्मृतिकारांना जंतू ठाऊक नव्हते, पण कापूस ठाऊक होता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही असाच हिशेब आहे. धान्य आणि वस्त्रे पुष्कळ असतील तर पाणी शिंपडणे पुरे, थोडी असतील तर धुवावीत. धर्मशास्त्र म्हटले की आपल्याला कर्मठपणा आठवतो. इथे मात्र घर चालवणाऱ्या माणसाची अडचण समजून घेणारा आवाज ऐकू येतो.

वर्षाचे चक्र

घरातल्या अंथरुणांना वर्षातून तीन वेळा मोठे ऊन मिळे. पहिले वैशाखात. पावसाळ्याचे चार महिने ऊन दिसणार नाही, म्हणून पापड-कुरडयांच्या शेजारीच गाद्या पडत. दुसरे श्रावण-भाद्रपदातल्या उघडिपीत, मिळेल तितके. तिसरे, सर्वांत मोठे, पितृपंधरवड्यापासून दसऱ्यापर्यंत. घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी धुतली जाई. अजूनही महाराष्ट्रातल्या कुठल्याही नदीकाठी त्या दिवसांत गेलात तर खडकांवर रंगीबेरंगी गोधड्या पसरलेल्या दिसतील. धुण्याच्या सोड्यात भिजवायच्या, पायांनी तुडवायच्या, धोपाटण्याने बडवायच्या आणि मग दोघींनी दोन टोके धरून पिळायच्या. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. त्यामुळे हे काम नेहमी दोघीतिघींनी मिळून करायचे, आणि म्हणूनच माहेरच्या-सासरच्या कितीतरी गोष्टी या पिळ्याच्या दोन टोकांमध्ये बोलल्या गेल्या असतील. 'भिजत घोंगडे' हा आपला वाक्प्रचारही याच अनुभवातला. घोंगडी भिजली की लवकर वाळत नाही, आणि वाळेपर्यंत तिचे काहीच करता येत नाही.

कोकणात ऊन कमी, म्हणून तिथे धुराची मदत घेतली जाई. पावसाळ्यात चुलीच्या वर बांधलेल्या दोरीवर पांघरुणे शेकून निघत. त्यांना येणारा धुराचा वास हा कोकणातल्या पावसाळी रात्रीचा वास आहे.

दर दोनतीन वर्षांनी पिंजारी येई. खांद्यावर धनुष्यासारखी लांब पिंजण आणि हातात लाकडी ठोकळा. तातेचा तो टणत्कार गल्लीत शिरला की पोरे धावत. गादी उसवून कापूस अंगणात ओतला जाई. वर्षानुवर्षांच्या वजनाने दगड झालेला तो कापूस पिंजून तासाभरात ढगासारखा होई. मग नवा अभरा, नवे टाके. एकच कापूस दोन पिढ्यांच्या अंगाखाली टिके. पिंजारी बहुधा मुसलमान. एरवी ज्या घरांत त्याला ओटीच्या आत प्रवेश नव्हता, त्या घरांतल्या माणसांच्या अंगाखालचा कापूस त्याच्या हातून जाई. कापूस पिंजण्याला कोणाचा विटाळ नव्हता. सोयीच्या जागी नियम सैल होत.

उरला ढेकूण. बाजेच्या सुंभात आणि पलंगाच्या सांध्यांत तो वस्तीला असे. त्यावर उपाय एकच. बाज अंगणात उभी करायची, उकळते पाणी सांध्यांत ओतायचे, राॅकेलचा बोळा फिरवायचा आणि दिवसभर कडक उन्हात ठेवायची. पुढे 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघर भिंतींवर डीडीटी फवारला जाऊ लागला. सुरुवातीला डासांबरोबर ढेकूणही मेले, लोक खूश झाले. काही वर्षांत ढेकणांनी डीडीटी पचवला आणि औषध मारले की ढेकूण वाढतात अशी तक्रार सुरू झाली. फवारणीवाल्यांना दार न उघडण्याचे ते एक कारण ठरले. बाज पुन्हा उन्हात आली.

ओवळे अंथरूण

इथपर्यंतचे चित्र गोड आहे. ते इथेच थांबवले तर ते खोटे ठरेल.

स्वच्छ आणि सोवळे हे दोन शब्द आपल्याकडे एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की त्यांतला फरक पटकन लक्षात येत नाही. अंथरूण हा फरक उघडा पाडते. नुकते धुतलेले, उन्हात वाळलेले, कडक इस्त्रीचे अंथरूणही ओवळेच. त्याला हात लागला तर सोवळे मोडले, पुन्हा आंघोळ. माणसाची स्वतःची शय्या त्याच्यापुरती शुद्ध आणि दुसऱ्याला अशुद्ध, अशा आशयाचे वचन धर्मसूत्रांत येते. एवढ्यापुरते ते शहाणपणाचे आहे. कोणी कोणाच्या अंथरुणात झोपू नये, हे आजचा डॉक्टरही सांगेल. पण सोवळ्याची व्यवस्था तिथे थांबली नाही.

लोकरीला विटाळ कमी लागतो, असा नियम. म्हणून सोवळ्यात धाबळी चाले. आणि म्हणूनच बाजूला बसलेल्या बाईला घोंगडी किंवा धाबळी मिळे. तीन दिवस तिचे अंथरूण वेगळे, कोपरा वेगळा. चौथ्या दिवशी ते तिचे तिनेच धुवायचे. घरातल्या इतर अंथरुणांबरोबर ते कठड्यावर पडत नसे. मागच्या परसात, गोठ्याच्या बाजूला, दिसणार नाही असे वाळत जाई. केशवपन झालेल्या विधवेला तर गादीच नाही. जमीन आणि घोंगडी, जन्मभर. गादी म्हणजे सत्ता हे वर म्हटले. ती काढून घेणे म्हणजे काय, हे या बायकांना विचारायला हवे होते. त्यांचे लिहिलेले फार थोडे उरले आहे.

मृत्यूच्या वेळी अंथरुणाच्या दोन वाटा होत. तेराव्याच्या आत ब्राह्मणाला शय्यादान, म्हणजे नवी गादी, नवी उशी, नवी चादर, ऐपत असेल तर पलंगासकट. आणि मेलेल्या माणसाच्या अंगाखालचे प्रत्यक्ष अंथरूण गावकुसाबाहेर. मढ्यावरचे कापड हा महारांचा हक्क म्हणून गावव्यवस्थेत मोजला जाई, आणि अंथरुणाची वाटही बहुधा तीच. त्याला हक्क हा शब्द वापरला जाई, हेच त्या व्यवस्थेचे कौशल्य. विसाव्या शतकात, विशेषतः 1927 च्या महाडच्या सत्याग्रहानंतर, असल्या हक्कांवर पाणी सोडण्याची चळवळ गावोगाव पोचली. मृताचे अंथरूण नाकारणे ही तिथे स्वच्छतेची गोष्ट नव्हती, माणूस म्हणून उभे राहण्याची होती.

आणि गाडगेबाबा? ते जन्माने परीट. शेंडगावच्या ज्या जातीने गावाचे मळलेले कपडे धुतले, तिच्यातल्या माणसाने पुढे गावचे रस्ते झाडले आणि पंढरपूरला व इतरत्र धर्मशाळा उभारल्या, ज्यांना उतरायला जागा मिळत नसे त्यांच्यासाठी. धर्मशाळा म्हणजे शेवटी काय? रात्रीपुरते अंथरूण टाकायला हक्काची जागा.

प्लेग आणि आग

आता मूळ प्रश्नाकडे येते. 23 सप्टेंबर 1896 रोजी मुंबईत प्लेग आल्याचे जाहीर झाले. मांडवीतले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला होता. 6 ऑक्टोबरला मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी रोग्यांना सक्तीने हलवण्याचा हुकूम काढला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली मार्चपासून मे महिन्यापर्यंत लष्करी तुकड्यांनी घरझडत्या घेतल्या.

प्लेग कसा पसरतो हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते. रोगजंतू 1894 साली हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचा पत्ता नव्हता. घाण, कोंदट हवा, जमिनीतली ओल, मळलेले कापड या सगळ्यांवर संशय. म्हणून जमिनीवर कार्बोलिकचे आणि पाऱ्याच्या क्षाराचे पाणी ओतले गेले, भिंतींना चुना लागला, उजेड आत यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली. मुंबईत खोल्यांच्या दारांवर 'राहण्यास अयोग्य' अशी अक्षरे रंगवली. आणि रोग्याचे कपडे, चटया, गोधड्या, गाद्या जाळल्या. रेल्वे स्टेशनांवर उतारूंना रांगेत उभे करून त्यांच्या वळकट्या सोडवल्या गेल्या.

जळले ते हे. वाड्यातल्या सुस्थितीतल्या माणसाची एक गादी जळली तर दुसरी शिवता येई. पण ज्या घरात नवरा-बायको आणि चार पोरांमध्ये दोन वाकळा, त्या घराची थंडीच जळून गेली. गोधडी विकत मिळत नव्हती. ती साठवावी लागे, आजीच्या लुगड्यापासून नातवाच्या अंगरख्यापर्यंत. तिच्यात घरातल्या मेलेल्या माणसांची वस्त्रे असत. सोल्जरांच्या लेखी ती चिंध्यांची रास होती.

आपल्या इतिहासात या अत्याचारांची चर्चा झाली ती देवघरात शिरलेले बूट आणि बायकांच्या अंगाला लागलेले परके हात या संदर्भात. ते खरेच होते आणि असह्यच होते. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या झाडल्या गेल्या त्या त्याच संतापातून. पण अंथरुणाच्या आगीबद्दल सर्वांत जास्त ज्यांनी भोगले, ते वर्तमानपत्रांत लिहिणारे लोक नव्हते.

सरकारची बाजूही सांगितली पाहिजे. रोग भयंकर होता आणि वेळ थोडा. सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी याच साथीत, रोग्यांची सेवा करताना गेल्या. अंथरूण जाळावे असे वाटण्यात मूर्खपणा नव्हता. अडचण होती ती लोकांना काही विचारण्याची गरजच न वाटण्यात.

कारण लोक काही करतच होते. गावात उंदीर पडू लागले की लोक घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. अंथरुणे बाहेर काढत, उन्हात टाकत. 1898 साली कराचीत, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवा प्लेग नेतात असे प्रयोगाने दाखवले. त्याच्यावर आधी कोणी विश्वास ठेवला नाही. 1905 पासून परळच्या प्रयोगशाळेत झालेल्या मोठ्या संशोधनाने ते पक्के केले. लपलेल्या पिसवेला जमिनीवरच्या कार्बोलिकची फारशी भीती नव्हती. भीती होती कोरड्या उष्णतेची. 1911 साली भारत सरकारच्या वैद्यकीय खात्याच्या शास्त्रीय टिपणांच्या मालिकेत कॅप्टन कनिंगहॅम यांचे टिपण प्रसिद्ध झाले. त्याचा विषय होता उन्हात ठेवून पिसवांचा नाश करणे.

म्हणजे आग लावल्यानंतर चौदा वर्षांनी प्रयोगशाळा अंगणात येऊन पोचली. आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही. पिसू आणि प्लेग यांचा संबंध कोणत्याही आजीला ठाऊक नव्हता. माळावर नेलेल्या वळकटीतून पिसवाही गेल्या असतील आणि माणसे मेली असतील. ऊन कशासाठी, याचे उत्तर परंपरेकडे नव्हते. तिच्याकडे फक्त सवय होती. पण सवय जपणाऱ्याला एकदा विचारले असते, तर उत्तर शोधणाऱ्याचा रस्ता जवळचा झाला असता.

गच्ची

पुढचे झटपट सांगते. चाळीत अंगण गेले, गॅलरी आली. गॅलरीच्या कठड्यावरच्या जागेसाठी भांडणे झाली, तीही ठराविक वेळेच्या उन्हासाठी. मग फ्लॅट आले, खोक्याचे दिवाण आले, त्यांवर दोन माणसांनाही न उचलणाऱ्या जाड गाद्या आल्या. अंथरूण हे क्रियापद होते, ते आता फर्निचर झाले. बायकांची पाठ थोडी सुटली, हे चांगलेच झाले. 1960 च्या दशकात हॉलंडमधल्या लायडन इथल्या संशोधकांनी गादीतल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचा दम्याशी संबंध दाखवला. हे किडे पाणी पीत नाहीत, हवेतल्या ओलीवर जगतात. गादी कोरडी ठेवणे हा त्यांच्यावरचा साधा उपाय. देवलाचे वचन आणखी एका कारणाने खरे ठरले, आणि नेमके तेव्हाच आपल्या गाद्या उचलण्यापलीकडे गेल्या.

आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती. तिची काळजी घ्यायला येणाऱ्या मावशींनी मला माणूस न उठवता चादर बदलायला शिकवले. आधी माणसाला एका कुशीवर वळवायचे. मोकळ्या बाजूची जुनी चादर गुंडाळत पाठीपर्यंत न्यायची, नव्या चादरीची गुंडाळी तिच्याशेजारी सोडायची. मग दुसऱ्या कुशीवर वळवायचे, जुनी ओढून घ्यायची, नवी ताणायची. एकही सुरकुती राहता कामा नये, कारण सुरकुतीपासूनच पाठीला जखम सुरू होते. मी इतकी वर्षे इतिहास शिकवला, पण माझ्या हातांनी शिकलेली ही एवढीच विद्या. मावशी ती रोज चार घरांत करत. त्यांच्या स्वतःच्या घरी गादी नव्हती, हे मला नंतर कळले.

आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची कापसाची गादी खाली कचऱ्याच्या डब्यांशेजारी ठेवली गेली. मावशी दारात आल्या आणि म्हणाल्या, "काकू, गादी चांगली हाये. मी नेऊ का?" घरातली वडीलधारी माणसे गप्प झाली. एकजण म्हणाले, "मेलेल्या माणसाची गादी कशाला? आपण तिला नवी घेऊन देऊ." मला तेव्हा ते बरोबर वाटले. गावकुसाबाहेर जाणारे अंथरूण माझ्या डोक्यात होते, ती लाज माझ्या हातून पुन्हा घडू नये असे वाटले. मी म्हटले, "मावशी, नवी आणू तुम्हाला." त्या म्हणाल्या, "नवी आणा की. पण आजींचा कापूस चांगला हाये. ह्यो कशापायी फेकताय? दोन दिस ऊन दावलं की झालं."

त्या वाक्याचे मला काय करावे ते कळेना. त्यांना दान नको होते. त्यांना कापूस कळत होता. आठ महिने ती गादी उलटीपालटी करणाऱ्या त्याच होत्या. हक्क म्हणून लादलेले अंथरूण आणि पारख करून मागितलेले अंथरूण यांतला फरक मी, इतिहासाची बाई, ओळखू शकले नव्हते. आम्ही दोघींनी मिळून गादी उचलून गच्चीत नेली. दोन दिवस आषाढातले मिळेल ते ऊन दिले, मावशींनी ती थोपटली आणि रिक्षात घालून नेली. सूचना लागली ती त्यानंतर. कोणीतरी तक्रार केली असणार.

यंदा घटस्थापनेआधी मी सोसायटीच्या सभेत एक अर्ज दिला. पितृपंधरवड्यात आणि वैशाखात मिळून तीन आठवडे गच्ची अंथरुणांसाठी खुली ठेवावी, घरकामाला येणाऱ्या बायकांच्या अंथरुणांसाठीसुद्धा, कारण त्यांच्या वस्तीत ऊन उतरत नाही. चर्चा बरीच झाली. पहिला भाग मंजूर झाला. दुसऱ्याचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. म्हणजे घोंगडे अजून भिजतेच आहे.

त्या तीन आठवड्यांतल्या पहिल्याच दिवशी मी आईच्या दोन्ही गोधड्या गच्चीवर नेल्या. पिळायला मावशी आल्या होत्या.